भुजंग कोष्ट्याच्या घरचे चार दिवे

धामणगड संस्थानात वीज आली आणि तिच्या पाठोपाठ, जराही वेळ न घालवता, नियम आले. पहिला नियम असा, की वीज-निरीक्षकाच्या दाखल्याशिवाय कोणत्याही घराला वीज जोडायची नाही. दुसरा असा, की घरातले दिवे स्वतःच्या डोळ्यांनी जळताना पाहिल्याशिवाय निरीक्षकाने दाखला द्यायचा नाही. दोन्ही नियम सर्जेराव महाराजांनी जातीने केले होते. मात्र वेगवेगळ्या दिवशी. ते एका दमात वाचून पाहण्याची हिंमत कोणाही कारकुनाने केली नाही. राजवाड्यात दिवे होते, कारण ते नियमांच्या आधी आले होते.

अडकली ती सगुणा. तिचा बाप भुजंग कोष्टी शेले विणायचा. त्याचा माग होता आतल्या अंधाऱ्या खोलीत, आणि आता त्याला चिमणीच्या उजेडात जरीचा धागा दिसेनासा झाला होता. आणखी वर्षभर असंच चाललं तर माग बंद पडला असता. म्हणून सगुणाने चांगला वायरमन गाठून घरभर लाकडी पट्ट्यांतून तारा खेळवल्या, चार दिवे बसवले, कोणाला झटका बसू नये म्हणून अंगणात खड्डा खणून मीठ-कोळशात तांब्याचा पत्राही पुरला. सगळं तयार होतं. फक्त वीज नव्हती.

निरीक्षक आठल्ये म्हणाले, दिवे लावा, दाखला देतो. वीजघर म्हणालं, दाखला आणा, दिवे लावतो. तीन महिने सगुणा या दोन दारांमध्ये हेलपाटे घालत होती आणि तिचा अर्ज फायलीत सुखाने नांदत होता. आठल्ये एकदाही कोष्टी आळीकडे फिरकले नव्हते.

शेवटी ती थेट दरबारात गेली. महाराजांनी दोन्ही नियम ऐकले, मिशीवरून हात फिरवला आणि चूक आपली आहे हे लक्षात येताच अधिकच ताठ झाले.

"नियम माझा आहे. त्यातली काडीही हलणार नाही. दसऱ्याला आठ दिवस आहेत. तोवर दाखला आण, नाहीतर तुझ्या घरातल्या तारा उपटून नेतील."

"नियम न हलवता आणला तर चालेल ना, महाराज?"

"आणून दाखव."

सगुणा घरी आली आणि तिने एक चिठ्ठी लिहिली. खाली नाव घातलं नाही. मजकूर एवढाच: 'कोष्टी आळीत भुजंगच्या घरी विजेचे चार दिवे बसले आहेत. दाखला नाही. साहेबांनी एकदा येऊन पाहावे.'

आता, वीजचोरी पकडणाऱ्या अधिकाऱ्याला दसऱ्याच्या दरबारात शेला मिळत असे. जो अर्ज तीन महिन्यांत टेबलावरून हलला नव्हता, त्याच घराबद्दलची निनावी चिठ्ठी तासाभरात आठल्यांच्या खिशात बसून कोष्टी आळीत आली. सोबत लाइनमन होता, शिक्का होता आणि वाटेत गोळा केलेले पाच पंच होते.

भर दुपारी आठल्यांनी बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"आम्ही येताना दिसलो म्हणून तार काढलीत काय?" ते म्हणाले.

सगुणा म्हणाली, की साहेब, या घरात वीज कधी आलेलीच नाही. आठल्ये हसले. असं सगळेच चोर म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी लाइनमनला खांबावर चढवलं आणि घरची तार जोडायला लावली. पुन्हा बटण दाबलं. चारही दिवे लख्ख पेटले. आतल्या खोलीत भुजंग मागावरून उठून छताकडे बघत राहिला.

"सापडलात!" आठल्ये म्हणाले आणि पंचनाम्याला बसले.

चोरीचा पंचनामा कसा कडेकोट हवा. त्यांनी तारेचा इंच न् इंच तपासला, फ्यूज उघडून पाहिला, अंगणातला पत्राही सोडला नाही. चोर किती सराईत आहे हे ठसावं म्हणून सगळं बारकाईने लिहिलं. शेवटी सही केली, शिक्का मारला, तार काढवली आणि मुद्देमाल म्हणून एक दिवा घेऊन गेले.

दसऱ्याच्या दरबारात पंचनामा वाचला गेला. "चारही दिवे समक्ष जळताना पाहिले. जोडणी निर्दोष. कुठेही झटका बसत नाही. अंगणातला पत्रा उत्तम स्थितीत." आठल्ये शेल्यासाठी खांदे सरळ करून उभे होते.

पंचनाम्याला जोडलेली चिठ्ठी उचलून महाराजांनी विचारलं, "पोरी, ही चिठ्ठी लिहिली कोणी?"

"मीच, महाराज. त्यात एक अक्षर खोटं नाही. चोरी हा शब्दसुद्धा साहेबांनी स्वतःच घातलाय."

"दाखल्याशिवाय वीज जोडलीस, हे तरी खरं ना?"

"खांबावर कोण चढलं आणि कोणाच्या हुकमाने, ते त्याच कागदात पाच पंचांनी सांगितलंय. चोरी झाली असेल तर चोर साहेब आहेत. झाली नसेल, तर चोरीची ओळ खोडा. मग उरतं काय? निरीक्षकांनी दिवे डोळ्यांनी पाहिले, काम निर्दोष, सही, शिक्का. महाराज, हाच माझा दाखला. आणि नियमाची काडीही हलली नाही."

दरबार महाराजांच्या तोंडाकडे बघत राहिला. महाराज आठल्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग एकाएकी त्यांना असं हसू फुटलं, की मुकुट सावरायला दोघांना धावावं लागलं. त्यांनी लेखणी मागवली, चोरीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली, मुद्देमालाचा दिवा सगुणाला परत करायला आठल्यांनाच लावलं आणि तबकातला शेला तिच्या खांद्यावर घातला.

सगुणाने काठावरून बोट फिरवलं.

"महाराज, तिसऱ्या बुट्ट्यात एक धागा चुकलाय."

"आमच्या शेल्यात? विणला कोणी?"

"बाबांनीच. चिमणीच्या उजेडात."

महाराज पुन्हा हसत सुटले. "मग आजच तार जोडा," ते कसेबसे म्हणाले, "आणि पुढच्या बारा दसऱ्यांचे शेले भुजंगकडेच!"