हिन्याचा फाया

"मग माझ्यात उणं काय आहे, बुवा?"

विश्रामचा आवाज चढला होता. उद्या बुवांच्या गुरुजींची पुण्यतिथी. गायला बसणार होता बुवांचा धाकटा शिष्य निळू, ज्याला धड चार राग येत नव्हते. आणि त्याच्या मागे तंबोरा घेऊन बसायचं होतं विश्रामने.

धुंडिराजबुवा उठले, खिडकी उघडली आणि परत येऊन जरा लांबच बसले.

"आज अत्तर कुठलं लावलंयस?"

"हिना. अस्सल आहे."

"केवढं लावलंस?"

"सकाळी कानात एक फाया ठेवला. थोड्या वेळाने वास येईना, म्हणून दुसरा ठेवला. तरी येईना, मग मनगटांना चोळलं..."

"कुणाला येईना?"

"मला."

"अरे, आम्हाला येत होता की! डोकं उठलंय माझं."

विश्राम ओशाळला. पण राग काही उतरला नाही.

"मी गाण्याचं विचारतोय, बुवा. तुम्ही अत्तराचं काय काढलंत?"

"चित्र भिंतीवर राहतं. मूर्ती देवळात राहते. अत्तर आणि गाणं... ही कुठे राहतात?"

विश्रामने नकळत कानातले फाये चाचपले.

"जा. नदीवर डोक्यावरून अंघोळ करून ये. कपडे बदल. फाये तिकडेच टाक."

तो तणतणत गेला. पाण्यात बुडी मारली, अंग खसखसून चोळलं आणि घाटाच्या पायरीवर केस वाळवत बसला.

बसल्या बसल्या त्याला परवाची बैठक आठवली. रंग भरेना, असं वाटून त्याने तानेवर तान घेतली होती. समोरची म्हातारी मंडळी पान थुंकायच्या निमित्ताने एकेक करून उठली होती. परत कुणी आलं नव्हतं.

त्या वेळी तो मनात म्हणाला होता, यांना गाणं कळत नाही.

ऊन चढल्यावर तो परतला. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकला.

हवेत एक वास होता. मंद, उबदार, मातीच्या जवळचा. त्याने डोळे मिटून घेतले.

"बुवा, कोण येऊन गेलं हो? काय सुरेख अत्तर आहे!"

"होता एक," बुवा सुपारी कातरत म्हणाले. "विश्राम नावाचा."

...

विश्रामने आपल्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं. तिथे बसायला काही त्याचं मन होईना.

कोपऱ्यातला तंबोरा त्याने उचलला. भिंतीशी बसून तारा जुळवल्या. एकदाच छेडल्या आणि नाद पूर्ण विरेपर्यंत थांबला.

"उद्या निळूच्या मागे मी बसतो, बुवा."

त्याच्या आवाजात आता तक्रार नव्हती.

बुवांनी सुपारी तोंडात टाकली.

"मागे निळू बसेल. तू गा... आणि रंग भरला की लवकर ऊठ."