फोर्डचा उतार

हा समोर नदीत आहे तो फोर्डचा उतार. पाणी गुडघाभर दिसतं, पण इथून कुणी पाय घालत नाही. आणि त्या करंजाखाली कोरा दगड आहे ना, ती साहेबाची समाधी. आमच्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो.

इंग्रजांच्या मोजणीच्या काळात फोर्ड नावाचा साहेब इथे आला, म्हणे. नदी पायी ओलांडायची तर हैबती भोई सोबत लागायचा. नदीचा तळ त्याच्या तळव्यांना पाठ होता. एकदा त्यानं विचारलं, "साहेब, तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?"

साहेब मोडक्या मराठीत म्हणाला, "नदीत पायी उतरायची जागा. माझे वाडवडील अशा जागेपाशी राहायचे. लोक त्यांना तेच म्हणू लागले."

हैबती हसला. "मग आपण भाऊबंदच की! आम्हाला उतारकर म्हणतात."

तेव्हापासून दोघांचं जमलं. लोकांना हैबतीची वाट बघावी लागू नये म्हणून साहेबानं उन्हाळ्यात उताराच्या दोन्ही काठांवर सागाचे खांब रोवले. हैबती म्हणाला, "पुरात वाळू सरकते, साहेब. उतार एका जागी राहत नाही."

"मी मोजलंय," साहेब म्हणाला. हैबतीनं पुढचा खांब उचलून दिला.

त्या साली मोठा पूर येऊन गेला. भाऊबीजेला हैबतीची लेक येसू पलीकडच्या सासरहून माहेरी निघाली. कडेवर तान्हं बाळ. एरवी ती हाक मारायची आणि बाप न्यायला जायचा. त्या दिवशी तो साहेबाची साखळी धरून डोंगरावर मोजणीला गेला होता. येसूनं दोन हाका मारल्या, मग खांबांच्या रेषेत पाण्यात उतरली. मधे डोह पडला होता.

येसू तिसऱ्या दिवशी सापडली. बाळ सापडलंच नाही.

साहेब हैबतीच्या दारात येऊन उभा राहिला. "खांब मी रोवले," म्हणाला.

"मी रोवू दिले," हैबती म्हणाला. दोघांनी मिळून खांब उपटले. त्यानंतर ते एकमेकांशी बोलल्याचं कुणी ऐकलं नाही.

त्याच हिवाळ्यात साहेब तापानं गेला. शेवटी एवढंच म्हणाला, असं सांगतात, "दगडावर माझं नाव घालू नका. कुणीतरी वाचेल, इथे उतार आहे समजेल आणि पाण्यात पाय घालील."

हैबती मात्र पुढे वीस वर्षं जगला. पलीकडून कुणाचीही हाक आली की तो कानांवर हात दाबून घरात जाऊन बसायचा. मरताना त्यानं गावाकडून एक वचन घेतलं.

आजही आमच्या गावची मुलगी पलीकडे देत नाहीत. आता खाली चार कोसांवर पूल आहे, तरी नाही. तिकडचा चुलीचा धूर इथून दिसतो, लग्नातले ताशे ऐकू येतात. माझ्या थोरल्या बहिणीला तिथलं चांगलं स्थळ आलं होतं. तिच्याही मनात होतं. आजा नाही म्हणाला. मग तिनं लग्नच केलं नाही.