राजाच्या पानातली रडकी काकडी

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, देव जाणे. राजाचं नाव तर पार विसरलो. त्याची बिरुदं एकशे आठ होती की एकशे चार, यावर मी पैज लावणार नाही. पण सगळा गोंधळ काकडीच्या कोशिंबिरीवरून झाला, एवढं नक्की.

राजा जेवायला बसला होता. पानात उजवीकडे भाजी, डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर. त्या घराण्याची रीत अशी, की पान वाढून झालं की भालदाराने राजाची सगळी बिरुदं म्हणायची, आणि ती संपेपर्यंत पानाला कुणी हात लावायचा नाही. त्या दिवशी बिरुदं संपली, राजाने खाली पाहिलं, तर कोशिंबिरीतून ओघळ निघून, चटणीला वळसा घालून, थेट भातापर्यंत पोचलेला!

"हे काय आहे?" राजा गरजला.

"पाणी सुटलंय, महाराज," वाढपी म्हणाला.

"पाणी? का अश्रू?"

वाढपी चार पावलं मागे सरला. कारण त्या राज्यात रडायला बंदी होती! सासरी निघालेल्या मुलीलासुद्धा वेशीबाहेर गेल्याशिवाय हुंदका काढता येत नसे. बाहेर हवं तेवढं रडावं, डोळे पुसावेत आणि मग आत यावं, असा कायदा होता. आणि इथे खुद्द राजाच्या पानात काकडी रडत होती!

लगेच कोतवालाला बोलावलं. त्याने कोशिंबीर वाटीत काढून, पुढ्यात घेऊन तासभर चौकशी केली.

"काही बोलली?" राजाने विचारलं.

"नाही महाराज. नुसती रडतेय."

"कशाचं दुःख आहे तिला?"

"तेच तर सांगत नाही! फार पक्की आहे."

मग काकडी पिकवणाऱ्या हैबती माळ्याला धरून आणलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "महाराज, काकडीला मीठ लागलं की पाणी सुटायचंच."

"म्हणजे माझं मीठ खाऊन रडते? वर तू तिची बाजू घेतोस? कोतवाल, याला कोठडीत टाका. उद्या संध्याकाळी याचे सगळे वेल उपटा आणि याला हद्दपार करा!"

हैबतीची मुलगी सगुणी धावत वाड्यावर आली. तो मळा गेला, तर बापलेकीला खायला काही उरणार नव्हतं.

"महाराज, उद्या दुपारची कोशिंबीर मला करू द्या. ती नाही रडायची."

राजाने मिशीवर हात फिरवला. "काकडी तुझ्याच मळ्यातली हवी. मीठ आधीच घातलेलं हवं, वरून एक कणही भुरभुरायचा नाही. सगळी बिरुदं होईपर्यंत पानावर एक थेंब दिसला, तर बापाबरोबर तूही हद्दपार!"

"चालेल. पण थेंब दिसला नाही, तर बाबांना सोडायचं."

"सोडेन! आणि वर मागशील ते देईन."

दुसऱ्या दिवशी सगुणी डोक्यावर दोन भांडी घेऊन आली. एकात कोशिंबीर, दुसऱ्यात मठ्ठा. प्रधान नारोपंतांनी कोशिंबीर चाखून मीठ असल्याची ग्वाही दिली. पान वाढलं. भालदाराने सुरुवात केली. राजाने मुद्दाम सांगितलं, "सावकाश म्हण रे!" त्याने इतकं सावकाश म्हटलं, की नारोपंतांना मध्ये दोनदा डुलकी लागली. उन्हामुळे घसा सुकला, म्हणून राजाने रीत मोडून सगुणीचा मठ्ठा तेवढा मागवला. एक वाटी प्यायला. मग दुसरी. "वा! आल्याचा झणका छान लागलाय," असंही म्हणाला.

बिरुदं संपली. सगळे पानावर वाकले. कोतवालाने बोट फिरवून पाहिलं.

"कोरडं ठणठणीत, महाराज!"

राजाने घास घेतला. काकडी कुरकुरीत, दाण्याचं कूट खमंग, तूप-जिऱ्याची फोडणी, मीठ अगदी बेताचं.

"पोरी, काय जादू केलीस?"

"जादू कसली? तुमचाच कायदा पाळला. आमचा मळा वेशीबाहेर. तिथेच सकाळी काकडी विळीवर बारीक चोचवली, मीठ लावलं आणि म्हटलं, बाई गं, काय रडायचं ते इथेच रडून घे, आत बंदी आहे! दोन घटका रडली. मग तिला घट्ट पिळली, कूट घातलं, फोडणी दिली आणि आत घेऊन आले."

कोतवाल ओरडला, "आणि ते अश्रू? ते कुठे लपवलेस?"

"लपवू कशाला? खारट पाणी फुकट घालवायचं होय? मठ्ठ्यात घातलं. महाराज दोन वाट्या प्यायले की!"

नारोपंतांनी डोळे मिटले. राजाने रिकाम्या वाटीकडे पाहिलं, कोतवालाकडे पाहिलं, आणि त्याला जे हसू फुटलं! पोट धरून हसला, पाट सोडून जमिनीवर लोळला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"महाराज, डोळे!" नारोपंत किंचाळले. "कायदा!"

राजा तसाच उठला आणि सोवळं सावरत वेशीकडे पळत सुटला. मागून भालदार, कोतवाल, प्रधान. वेशीबाहेर पोचल्यावर तो धापा टाकत एका दगडावर बसला आणि पुन्हा हसू लागला.

"भरल्या पानावरून पळवलंस की गं मला! हैबतीला सोडा! बंदी आजपासून रद्द! आणि तू, पोरी, बोल, काय हवं?"

"मळ्याशेजारची नदीकाठची जमीन," सगुणी म्हणाली. "तिथे काकडी अजून रसरशीत होईल."

"दिली!" राजा डोळे पुसत म्हणाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मन मानेना म्हणून, मी स्वतः करून पाहिलं. तीन काकड्या, चमचाभर मीठ, पाऊण तास. पिळल्यावर पाऊण वाटी पाणी निघालं. मठ्ठ्याला वेगळं मीठ लागलं नाही.