हिरडशेतची पाचवी पायरी

हिरडशेतच्या शाळेला पाच पायऱ्या आहेत. काळ्या दगडाच्या, इतक्या सरळ घडवलेल्या की दोन पायऱ्यांच्या सांध्यात सुई शिरत नाही. पण खालच्या चार पायऱ्यांवर एकेक इंग्रजी शब्द कोरलेला आहे, आणि ती अक्षरे पाहिली की येणारा पाहुणा हसतोच. एक अक्षर मोठे, एक बारके, ओळ उताराला लागलेली. दौलतआण्णा पाहुण्यांना हसू देतात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस याच शाळेत शिकला आणि याच शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाला. हसून झाले की ते सांगतात, "दगड घडवणारा हात निराळा आणि अक्षरं कोरणारा निराळा. बसा, ऊन उतरेस्तोवर सांगतो."

शाळा नवी होती तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या या गावात तेव्हा इंग्रजी येणारा एकच माणूस होता, त्र्यंबकमास्तर. पुण्याहून परीक्षा पास होऊन आलेले, वय पंचविशीचे. गावाने डोक्यावर घेतले होते आणि मास्तरांनाही तिथून उतरायची घाई नव्हती. पत्र आले की वाचायला मास्तर, साहेब आला की बोलायला मास्तर. आपल्याला ठाऊक नाही ते इंग्रजीत नसणारच, असे त्यांना मनापासून वाटे म्हणे.

शाळेच्या पायऱ्या राणू पाथरवटाने घडवल्या. चाळिशीचा, अबोल गडी. त्याआधी तीन वर्षे तो टेकडीवरच्या बंगल्यात एका म्हाताऱ्या साहेबाच्या विहिरीचे काम करीत होता. साहेबाची नजर अधू झालेली, पण पुस्तकांचा नाद सुटेना. दुपारच्या सुट्टीत तो राणूला उन्हात पुस्तक धरायला लावी, एकेक अक्षर ओळखायला शिकवी आणि मग शब्द समजावून सांगे. एक क्रियापद घ्यायचे, त्यातून कोणकोणते शब्द फुटले आणि फार पूर्वी लोक ते कोणत्या अर्थाने बोलत, हे सांगायचे. राणूला ते आवडले. दगडाची शीर शोधण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, शब्दालाही शीर असते हे त्याला लगेच पटले असावे. पुढे साहेब वारला, बंगल्यातले सामान कुठल्या कुठे गेले, पुस्तकेही गेली.

पायऱ्या बसवून झाल्या त्या दिवशी गाव जमले होते. नारळ फुटला. राणू हात धुऊन मास्तरांपुढे आला आणि म्हणाला, "मास्तर, मला बी वर्गात बसायचंय. मागं बसंन. मला थोडं येतंय."

लोकांना गंमत वाटली. मास्तरांनाही वाटली. ते म्हणाले, "एका क्रियापदाचे पाच शब्द सांग अर्थासकट. पाचही बरोबर आले तर उद्यापासून बस."

राणू पहिल्या पायरीवर उभा राहिला. "होल्ड. म्हंजे धरणं." मास्तरांनी मान हलवली. राणू एक पायरी चढला. "अपहोल्ड. खालनं धरणं, वरचं पडू न देणं. ह्या पायऱ्या करत्यात तसं." मास्तरांना आश्चर्य वाटले. राणू तिसरी पायरी चढला. "विदहोल्ड. म्हंजे मागं धरणं, हातचं न सोडणं. पूर्वी 'विद' म्हंजे विरुद्ध, उलट."

"विद म्हणजे सोबत," मास्तर म्हणाले. "ते पोरालाही कळतं. बरं, पुढे."

राणू चौथ्या पायरीवर गेला. "बिहोल्ड. म्हंजे नीट धरून ठेवणं. सांभाळणं."

मास्तर मोठ्याने हसले. बिहोल्ड म्हणजे पाहणे, हे त्यांनी कितीदा घोकले होते. "अरे, पाहणं! डोळे उघडून पाहणं! सांभाळणं कुठलं काढलंस?" मास्तर हसले म्हणून गाव हसले. बिहोल्ड कशाशी खातात हे कुणालाच ठाऊक नव्हते, तरी बायाबापड्यांपर्यंत सगळे हसले.

राणू थांबला होता. हसणे ओसरल्यावर तो म्हणाला, "चार झाले. एक ऱ्हायलाय."

"राहू दे," मास्तर म्हणाले.

दौलतआण्णा इथे नेहमी एक गोष्ट बजावतात. 'कुठलं काढलंस' असे मास्तरांच्या तोंडून गेले होते, पण तो प्रश्न नव्हता. तो प्रश्न असता तर राणूने साहेबाचे नाव सांगितले असते आणि पुढचे काही घडले नसते. राणू चार पायऱ्या उतरला, छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला, आणि महिन्याभरात बायकोपोरांना घेऊन गाव सोडून गेला. रेल्वेच्या पुलांवर पाथरवटांना काम मिळे, तिकडे.

तीन वर्षे गेली. मास्तरांनी पुण्याहून एक जाडजूड शब्दकोश मागवला. पाने चाळता चाळता बिहोल्ड लागला. पाहणे हा अर्थ होताच. पण त्याखाली बारीक अक्षरात जुने अर्थ दिलेले होते: धरून ठेवणे, राखणे. मास्तरांनी घाईघाईने विद काढला. जुना अर्थ, विरुद्ध. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. शाळेच्या पायऱ्यांवरून चढायची त्यांना लाज वाटू लागली आणि ते कितीतरी दिवस मागच्या दाराने आत जात, असे सांगतात.

मग सुट्टी पडली तसे ते राणूला शोधायला निघाले. या पुलावरून त्या पुलावर, आठ दिवस. नवव्या दिवशी एका नदीच्या पात्रात राणू दगड घडवताना सापडला. केस पांढरे झाले होते. मास्तर गोट्यांतून धडपडत त्याच्यापाशी गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "राणू, तुझं बरोबर होतं. मी चुकलो. गावासमोर सांगतो, चल. वर्गात बस."

राणूने हातोडा खाली ठेवला. "पायऱ्या बसल्या का नीट? पावसानं सांधा सुटला न्हाई ना?"

"नाही सुटला," मास्तर म्हणाले. "राणू, पाचवा शब्द कोणता होता?"

राणूने हातावरची दगडाची भुकटी झटकली. मग म्हणाला, "इसरलो, मास्तर. त्या दिसापासनं त्यातलं काय तोंडात घेतलं न्हाई. आता कायबी आठवत न्हाई."

राग नव्हता त्याच्या बोलण्यात. असता तर बरे झाले असते, असे मास्तर पुढे म्हातारपणी म्हणत. राणूने त्यांना भाकरी खाऊ घातली, वाटेपर्यंत सोडायला आला. गावी मात्र तो पुन्हा कधी आला नाही.

मास्तर परतले आणि त्यांनी छिन्नी विकत आणली. गावातले लोक म्हणाले, दुसरा पाथरवट बोलवू. मास्तर ऐकेनात. हातोडा छिन्नीपेक्षा बोटांवरच जास्त बसला, डाव्या हाताचे एक नख कायमचे गेले. पावसाळाभर खपून त्यांनी चार शब्द कोरले. पाचवी पायरी तशीच सोडली.

त्याच वर्षी त्यांनी वर्गात एक रीत घातली. पोराचे उत्तर वेडेवाकडे वाटले तरी 'चूक' म्हणायचे नाही. आधी विचारायचे, कुठून आणलेस? आणि पोर सांगेपर्यंत गप्प बसायचे.

आजही या शाळेत रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ही रीत पहिल्या दिवशी सांगतात. पाहुण्यांमध्ये कुणी शिकलेले असले की पाचवा शब्द सुचवतात. एकाने अपहोल्डर सांगितला, जुन्या मोडक्या वस्तू नीट करून देणारा. कुणी दुसरे काही सांगतात. दौलतआण्णा सगळ्यांना विचारतात, कुठून आणलात, आणि शांतपणे ऐकून घेतात. मग म्हणतात, असेलही. पण तो राणूचा होता का, हे सांगायला राणू नाही. शाळा सुटली की पोरे त्या चार शब्दांवरून उड्या मारत खाली येतात, आणि आण्णा उठून कोऱ्या पायरीवरचा पाचोळा हाताने झाडतात.