पीळ ओळखणारा हात

एकदा एका वृद्ध वैद्यकाचार्यांकडे त्यांची जुनी शिष्या आली, ती धुमसतच. आचार्य अंगणात विहिरीचा नवा दोर उन्हात पसरत होते. काथ्याचा, तीन पदर वळून केलेला, चांगला जाडजूड दोर. त्यांनी तिला बस म्हटलं, पाणी दिलं आणि आपलं काम चालू ठेवलं. थोर माणसांचं हे एक असतं, समोरच्याचा राग निवेपर्यंत त्यांच्या हातांना काहीतरी काम सापडतं.

शिष्या स्वतः डॉक्टर होती आणि पांढऱ्या पेशींवर संशोधन करत होती. शरीराचे हे राखणदार रोगजंतूंवर कसे तुटून पडतात, हे ती विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने शिकवी. पण तिच्या थोरल्या बहिणीला संधिवाताने गाठलं, आणि तेच राखणदार बहिणीच्या बोटांचे सांधे कुरतडू लागले. आईच्या माघारी याच बहिणीने तिला लहानाचं मोठं केलं होतं. आता बहिणीने औषधं बंद केली होती. शिष्या दर रविवारी तपासण्यांचे कागद घेऊन जाई, जीव तोडून समजावी आणि भांडून परत येई. मागच्या खेपेला तर बहिणीने "डॉक्टरीणबाई, तुमच्या दवाखान्यात जा," म्हणून तोंडावर दार लावलं होतं. असंच चाललं तर ती बोटं कायमची वाकडी होणार, हे शिष्येला पक्कं ठाऊक होतं.

"सर, मला त्या पेशींचा तिटकारा आलाय," ती म्हणाली. "ज्या घरात राहायचं त्याच्याच भिंती खणायच्या? असल्या राखणदारांपेक्षा नसलेले बरे. मी हे काम सोडतेय."

आचार्यांनी तिची समजूत घातली नाही. "डोळे मीट आणि हात पुढे कर," एवढंच म्हणाले. तिच्या तळहातावर काहीतरी आलं.

"काय आहे?"

"दोर."

"इतक्या लगेच कसं कळलं?"

"पीळ लागला ना हाताला."

मग थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. पुन्हा काहीतरी तळहातावर पडलं. तिने चाचपलं, बोटं फिरवली. "हे काय? झाडूचे तुकडे? टोचतंय सर," म्हणत तिने ते झटकून टाकलं. डोळे उघडून पाहते तो त्याच नव्या दोराचं टोक आचार्यांनी पार उसवून ठेवलं होतं. सरांना म्हातारचळ लागला की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"काथ्या तोच आहे," आचार्य म्हणाले. "एक तंतूही कमी झालेला नाही. तरी तू झटकलास. आपली कातडी, सांध्यांतली कूर्चा ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या आधारावर उभी आहे, तेही तीन पदरांचं, एकमेकांभोवती वळलेलं. पेशींना डोळे नाहीत. त्यांच्या अंगावरचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, हेच त्यांचे हात. त्यांतला एक हात हा पीळ चाचपतो, घट्ट धरतो आणि पेशीला आतून सांगतो, शांत हो, हे घर आहे. पदर सुटे झाले की त्या हाताला धरायला काही उरत नाही, आणि शांत हो म्हणणारा तो आवाज गप्प होतो."

"हे मीच शिकवते सर. आणि संधिवाताचं हे एकच कारण नाही."

"नाहीच. कारणं पुष्कळ आहेत. पण त्या पेशी वैरी नाहीत गं, भेदरलेल्या आहेत. त्यांच्या हाताला घर लागत नाहीये." आचार्यांनी उसवलेलं टोक खाली ठेवलं. "तुझ्या बहिणीच्या हाताला लागेल असं काय घेऊन जातेस तू दर रविवारी?"

 

पुढच्या रविवारी ती कागद न घेता गेली. मागच्या दाराशी उभी राहून "अक्का, भूक लागलीय," म्हणाली. बहिणीने दार उघडलं. शिष्या सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि परातीत ज्वारीचं पीठ घेऊन मळायला बसली. बहीण परातीत डोकावली.

"एवढं पाणी घालतात का? सैल केलंस सगळं."

"मग दाखव."

बहीण शेजारी बसली. आपला सुजलेला हात तिने धाकटीच्या हातावर ठेवला आणि पीठ कसं रगडायचं ते दाबून दाखवू लागली. डॉक्टरच्या बोटांना तो सांधा तपासायची घाई झाली होती. शिष्येने ती आवरली आणि हात तसाच खाली राहू दिला. तिला रडू येत होतं, तेही तिने येऊ दिलं.

दोघी जेवल्या. भाकरी बेताचीच झाली होती. हात धुताना बहीण तिच्याकडे न बघता म्हणाली, "त्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

"नंतर," शिष्या म्हणाली, आणि पुढे काहीही समजावून सांगितलं नाही.