साय धरलेला चहा

“मग काय, नवऱ्याच्या खालून खुर्ची ओढून घेऊ का, माय?”

चिमामाय सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

टेकडीवरच्या मठाची गादी तिच्याकडं आली, तेव्हा बाई गादीवर बसली म्हणून गावानं मठाची पायरी चढणं सोडलं होतं. पुढं गाव आपसूक चढू लागलं. ती मात्र कुणाला बोलवायला खाली उतरली नाही.

समोर शैलजा. कांतेवाडीची सरपंच, पदवीधर, मांडीवर रांगतं लेकरू. जरा लांब खांबाला टेकून तिचा नवरा दिगंबर. गाव त्याला ‘सरपंचसाहेब’ म्हणायचं आणि हिला ‘वहिनी’.

“नीट सांग.”

“निवडून मी आले. सभा सुरू होते तेव्हा खुर्चीत मीच असते. ठराव होतो तेव्हा हे असतात. मधे काय होतं, माझं मलाच कळत नाही.” शैलजा ओशाळून हसली. “मागच्या सभेत अंगणवाडी ओढ्यापलीकडं न्यायचं ठरलं. पावसाळ्यात त्या ओढ्याला ओढ असते, माय. पोरं जाणार कशी? उद्या ते पक्कं होणार. आणि नाही म्हणायची वेळ येते, तेव्हा मी...”

“तुला उठवलं कुणी?”

शैलजानं दिगंबरकडं पाहिलं. खोटं बोलवेना.

“कुणीच नाही.”

“मी कशाला उठवू?” दिगंबर म्हणाला. “खुर्ची मोकळी दिसली की लोकच म्हणतात, बसा साहेब. चारचौघांत नाही कसं म्हणायचं?”

चिमामाय उठली. आत गेली. चहाचं पातेलं, गाळणी, सांडशी आणि तीन कप घेऊन आली. सगळं मधोमध ठेवलं आणि पुन्हा सूप पुढ्यात ओढलं.

वाफ निघत होती...

शैलजानं लेकरू डाव्या हातावर घेतलं. उजवा हात सांडशीला लागलासुद्धा.

“मागच्या सभेत चहा कुणी दिला?” चिमामायनं विचारलं.

हात तिथंच थांबला.

कुणीतरी म्हणालं होतं, वहिनींच्या हातचा होऊन जाऊ द्या. ती हसत उठली होती. ट्रे घेऊन सगळ्या रांगा फिरली होती. शेवटचा कप खुर्चीतल्या माणसाला दिला होता. साखर जरा जास्त, ह्यांना आवडते तशी.

तिनं हात मागं घेतला. मांडीवर ठेवला. तो तिथं राहीना. लेकराचं झबलं उगीचच नीट करू लागला.



दिगंबरनं घसा खाकरला. “अगं...”

शैलजाच्या मनात आलं, मायला उद्धट वाटेल. ह्यांना राग येईल. घरी जाताना गाडीवर कुणी बोलणार नाही. एवढी शिकलेली बाई, आणि एका पातेल्याला घाबरते!

पण ती बसून राहिली.

दिगंबरनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा पातेल्याकडं. हात मात्र त्याचाही पुढं झाला नाही.

“माय,” तो शेवटी म्हणाला, “चहावर साय धरली.”

चिमामायनं तांदळातला एक खडा उचलला, अंगणात भिरकावला.

“धरू दे, बाबा. उद्या सभेत याहून जाड धरेल.”