राजाध्यक्षांच्या भाषणातले बाबूशेठ

शशांक राजाध्यक्षांनी आपली सॉफ्टवेअर कंपनी विकली आणि तेव्हापासून ते नव्या उद्योजकांना सल्ला आणि भांडवल देऊ लागले. सल्ला सगळ्यांना मिळे, भांडवल मात्र बड्या कॉलेजवाल्यांनाच.

पुण्यातल्या मेळाव्यातही त्यांनी आधी आपली नेहमीची कहाणी रंगवून सांगितली. "मी कॉलेज अर्धवट सोडलेलं, पहिली कंपनी बुडालेली. भांडवल मागायला गेलो, तर बाबूशेठने दारातूनच हाकललं. आज मी कुठे आणि तो बाबूशेठ कुठे!" सभागृह खळखळून हसलं, टाळ्या पडल्या.

मग भांडवल मागायला बार्शीची रेवती मुळीक मंचावर आली. नळाला पाणी कधी येणार, हे आदल्या दिवशीच मोबाइलवर कळवणारं अ‍ॅप तिने बनवलं होतं. राजाध्यक्षांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"शिक्षण?"

"कॉलेज मध्येच सोडलं, सर."

"आधीचा अनुभव?"

"एक कंपनी काढली होती. बुडाली."

"मग कशाच्या जोरावर आलीस इथे? चला, पुढचं कोण आहे?"

रेवती जागची हलली नाही. माइक तिने हातातच ठेवला.

"जाते, सर. फक्त तुमचं पूर्ण नाव एकदा नीट सांगा."

राजाध्यक्ष उखडले. "माझं नाव माहीत नाही तुला?"

"ऐकलंय की. पण उद्या मलाही इथे उभं राहून माझी कहाणी सांगायचीय. बाबूशेठच्या जागी चुकीचं नाव जायला नको."